सहनशक्ती अश्वारोहण
सहनशक्ती अश्वारोहण हा एकाच घोड्यावरून दीर्घ अंतर ठरावीक टप्प्यांनी पार करण्याचा क्रीडाप्रकार आहे. इंग्रजी नावावरून त्यास एन्ड्युरन्स रायडिंग असेही म्हणतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी घोड्याची पशुवैद्यकीय तपासणी होते. सर्वप्रथम पोहोचलेला घोडाही अंतिम तपासणीत लंगडताना आढळल्यास बाद ठरतो. त्यामुळे या प्रकारात वेगाइतकेच महत्त्व घोड्याच्या प्रकृतीस आहे. कोवळ्या वयाचा घोडा लांब पल्ल्यावर कधी आणि कसा न्यावा, हा या क्रीडाप्रकारातील कळीचा प्रश्न मानला जातो.

== इतिहास ==
या प्रकाराचे आधुनिक रूप अमेरिकेत घडले. कॅलिफोर्निया राज्यात १९५५ मध्ये सुरू झालेल्या टेव्हिस चषक स्पर्धेत १०० मैल (सुमारे १६० किमी) अंतर २४ तासांच्या आत पार करावे लागते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १९७८ मध्ये या प्रकारास मान्यता दिली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ मध्ये रोम येथे झाली. भारतात अश्वारोहणाचे नियमन भारतीय अश्वारोहण महासंघ करतो.

== महाराष्ट्रातील परंपरा ==
लांब मजल मारणारा काटक घोडा ही मराठा लष्कराची मुख्य शक्ती होती. भीमा नदीच्या काठच्या, म्हणजे भीमथडीच्या, प्रदेशावरून ओळखल्या जाणाऱ्या भीमथडी घोड्याची राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि खूर या दोन गोष्टींवर मजल अवलंबून असते, याची जाण या व्यवस्थेत दिसते. पावसाळ्यात फौज छावणीस परते आणि घोड्यांना विश्रांती व वैरण मिळे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात, वैरणीचा साठा आधीच उधळल्यास ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील व तो दोष अधिकाऱ्यांचा ठरेल, अशी सक्त ताकीद आहे.

घाटमाथ्यापलीकडील दुष्काळी भागातील मेंढपाळ धनगर पावसाळा संपल्यावर रायगड जिल्ह्यासह कोकणात उतरतात व पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांचे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. शिंगरू मात्र घोडीसोबत मोकळेच चालते. आधी चाल, मग ओझे, हा क्रम येथे आपोआप पाळला जातो.

== घोड्याचे वय ==
घोडा तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगाने भरलेला दिसत असला तरी त्याचा सांगाडा तेव्हा पक्का झालेला नसतो. पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होते. मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. शिवाय हृदय आणि स्नायू सरावाने काही महिन्यांत तयार होतात, तर स्नायुबंध, खूर आणि हाडे यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दमत नाही म्हणून घोडा तयार आहे, हा समज यामुळेच घातक ठरतो. टेव्हिस चषकासाठी घोडा किमान सहा वर्षांचा असावा लागतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वोच्च श्रेणीतील शर्यतींसाठी ही अट आठ वर्षांची आहे.

== सराव ==
सरावाचा आरंभ लांब व सावकाश रपेटीने करतात. चालीनंतर दुडकी, तीही मऊ जमिनीवर, आणि चढ-उतार सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. अंतर आणि वेग ही दोन्ही एकाच वेळी वाढवीत नाहीत. मोठ्या रपेटीनंतर काही दिवस विश्रांती दिली जाते. वाहत्या पाण्यातून जाणे, अनोळखी जागी पाणी पिणे व चरणे आणि इतर घोडे पुढे गेले तरी शांत राहणे, याही गोष्टी कोवळ्या घोड्यास शिकवाव्या लागतात. पहिल्या स्पर्धांत क्रमांकाऐवजी केवळ अंतर पूर्ण करणे हे उद्दिष्ट ठेवण्याची प्रथा आहे.

== पशुवैद्यकीय तपासणी ==
विश्रांत घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा पडते. टप्प्याअखेर ते ठरावीक वेळेत ६४ किंवा त्याखाली यावे लागते. त्याखेरीज हिरड्यांचा रंग, त्वचेची लवचिकता, आतड्यांचे आवाज आणि दुडकीतील पावले तपासतात. घोड्याच्या घामात क्षारांचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा अधिक असते. त्यामुळे शरीर कोरडे पडत असतानाही त्याला पुरेशी तहान लागत नाही. आतड्यांचे आवाज मंदावणे ही पोटशुळाची पूर्वसूचना असू शकते. गडद रंगाचे मूत्र आणि ताठरलेले स्नायू हे स्नायुपेशी फुटू लागल्याचे लक्षण असून, अशा घोड्यास एक पाऊलही पुढे नेणे धोक्याचे असते.

== पनवेल परिसर व हवामान ==
पनवेल हे बोरघाटाच्या पायथ्याकडील जुने बंदर आहे. मुंबईहून होडीने आलेले प्रवासी येथून घोड्यावर किंवा पालखीत पुण्याकडे जात. घाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घोड्याचे अंग निवत नाही. फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या पुढे गेल्यास सावधगिरी बाळगावी, १८० च्या पुढे श्रम टाळावेत, असा स्थूल आडाखा वापरला जातो. ३० अंश सेल्सियस (८६ फॅरनहाइट) आणि ८० टक्के आर्द्रता असताना ही बेरीज १६६ होते. त्यामुळे या पट्ट्यात हिवाळ्यातील पहाट हाच कोवळ्या घोड्याच्या सरावाचा योग्य काळ ठरतो.

== हे सुद्धा पहा ==
* भीमथडी घोडा
* मारवाडी घोडा
* बोरघाट