उन्हाळी फुलपाखरांची वेळ: एका ऋतुज्ञानाची घडण

पश्चिम आणि मध्य भारतात उन्हाळ्यातली दुर्मीळ फुलपाखरे शोधण्याचा काळ फाल्गुनाच्या अखेरीस सुरू होतो आणि मोसमी पावसाबरोबर संपतो. तो सगळीकडे एकाच तारखांना येत नाही. कोकणात मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, तर ग्वाल्हेरला जूनच्या अखेरीस. त्यामुळे ग्वाल्हेरमधल्या बिर्लानगरचा उन्हाळा रत्नागिरीपेक्षा दोन-तीन आठवडे लांबतो. कोणते फुलपाखरू कोणत्या आठवड्यात दिसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: अळीच्या झाडाला पालवी केव्हा फुटते आणि ओल कुठे टिकते. अनेक जाती दुर्मीळ वाटतात त्या संख्येने कमी असल्यामुळे नव्हे, तर त्यांचा हंगाम गाठला न गेल्यामुळे. हे उमगायला निरीक्षकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, तसेच कर्नल चार्ल्स स्विन्हो आणि साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही होते. स्विन्हो लष्करी अधिकारी होते. बदली होईल तिथे जाळी घेऊन हिंडावे आणि सापडलेल्या फुलपाखरांची व पतंगांची यादी लंडनला छापावी, असा त्यांचा क्रम होता. मुंबई व दख्खनची यादी १८८५ मध्ये आणि माळव्यातल्या महू छावणीची १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्य भारतातल्या मराठी संस्थानांच्या मुलखासाठी महूची यादी हा फार मोलाचा आरंभबिंदू आहे. पण यादीला स्वतःची मर्यादा असते. टाचणीला लावलेला नमुना कुठे मिळाला ते सांगतो. तो त्याच महिन्यात का मिळाला, याचा उलगडा त्यातून होत नाही.

ऋतूचे कोडे सुटले ते कोलकात्यात. पीकॉक पॅन्सी या फुलपाखराला लिनियसने १७५८ मध्ये अलमाना आणि अस्टेरी अशी दोन नावे दिली होती, कारण दोन्ही रूपे खरोखरच वेगळी दिसतात. पावसाळी रूपाच्या पंखांच्या कडा गोलसर असतात आणि खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. कोरड्या ऋतूतल्या रूपाच्या पंखांना टोके येतात, ठिपके जवळजवळ पुसले जातात आणि मिटलेले पंख वाळक्या पानासारखे दिसतात. कोलकात्यात काम करणाऱ्या लायोनेल द निसेव्हिल यांनी १८८० च्या दशकात अळ्या पाळून अशी जोड रूपे एकाच जातीची असल्याचे दाखवले. संग्रहांतल्या कित्येक ‘दुर्मीळ’ जाती त्यामुळे एका झटक्यात नाहीशा झाल्या. एप्रिलमध्ये पॅन्सी किंवा इव्हिनिंग ब्राउन शोधणाऱ्याने पुस्तकातल्या डोळेदार चित्रावर विसंबू नये, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर हेच काम सर्वांत चिकाटीने कारवार भागात झाले. एटकेन जकात व मीठ खात्यात, जे. डेव्हिडसन कलेक्टर आणि टी. आर. बेल वनखात्यात. कारवार ज्यात मोडते तो कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८९० पासून या मंडळींनी सोसायटीच्या जर्नलमध्ये अळ्या, कोश आणि खाद्यवनस्पती यांची वर्णने छापली. बेल यांनी पुढे १९०९ ते १९२७ या काळात मैदानी प्रदेशातल्या सामान्य फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली. जाळीने जे साधले नाही ते पाळलेल्या अळीने साधले: झाड ओळखता आले की फुलपाखराची वेळही सांगता येऊ लागली.

स्पॉट स्वोर्डटेल हे याचे उत्तम उदाहरण. पांढुरक्या पंखांवर काळे पट्टे आणि मागे तलवारीसारखी लांब शेपटी असलेले हे फुलपाखरू पानगळीच्या जंगलात राहते. त्याची अळी हुंबाच्या, म्हणजे मिलियुसाच्या, पानांवर वाढते. या झाडाला नवी पालवी उन्हाळ्यात येते आणि मादी कोवळी पाने पाहूनच अंडी घालते. मार्च ते जून एवढाच त्याच्या उडण्याचा मुख्य काळ. वर्षाचा बाकीचा बराच भाग ते कोशात काढते. ऑक्टोबरात, इतर फुलपाखरांनी रान भरलेले असताना, त्याचा शोध घेणे व्यर्थ ठरते.

आटत चाललेला ओढा ही त्याला गाठण्याची उत्तम जागा. साधारण दहा ते दोनच्या दरम्यान ओल्या वाळूवर नर दाटीने बसतात, सोंड वाळूत खुपसून पाणी ओढतात आणि जादा पाणी मागून थेंबाथेंबाने टाकत राहतात. अंगी उरतात ते क्षार, विशेषतः सोडियम. मीलनाच्या वेळी त्यातला काही भाग मादीला मिळतो. या सवयीला मराठी निरीक्षक चिखलपान म्हणतात. सह्याद्रीत फाइव्ह-बार स्वोर्डटेलही अशाच जागी भेटते. ब्लू ओकलीफ मात्र फुलांकडे सहसा फिरकत नाही. त्याच्यासाठी झाडाच्या खोडातून पाझरणारा रस आणि खाली पडून आंबलेली फळे पाहावी लागतात.

ग्वाल्हेरचे गणित निराळे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती वाढलेल्या बिर्लानगरच्या परिसरात पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून पाहणी सकाळी दहाच्या आत उरकावी लागते. बहाव्याची पालवी कॉमन एमिग्रंटसाठी, लिंबू आणि बेल लाइम बटरफ्लायसाठी, रुई प्लेन टायगरसाठी तपासावी. शहराबाहेर चंबळच्या बीहडांकडे करील म्हणजे नेपती आणि पीलू ही झाडे आहेत. कोलोटिस गटातली अरब फुलपाखरे अशाच झाडांवर वाढतात. त्यांना कोरडे, तापलेले रान मानवते, त्यामुळे सह्याद्रीच्या दाट जंगलात ती शोधून उपयोग नसतो.

उन्हाळा हा संख्येचा ऋतू नव्हे. कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर सह्याद्रीत केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुलपाखरांची रेलचेल पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला आढळली. उन्हाळ्याचे महत्त्व ठरावीक जातींपुरते आहे, आणि म्हणूनच तारखेची नोंद इथे अधिक मोलाची ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरे असल्याने जाळी मागे पडून कॅमेरा पुढे आला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि हौशी निरीक्षकांची संख्याही वाढत गेली. छायाचित्राबरोबर दिवस, वेळ, ठिकाण आणि जवळचे झाड लिहून ठेवले, तर बेल यांच्या लेखमालेशी ताडून पाहता येईल अशी नोंद तयार होते.