चेहऱ्यावरचा चट्टा आणि न मिटणारी पापणी

चेहऱ्यावर डाग पडला की तो घालवण्याची माणसाला घाई होते. हातापायावरच्या डागाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणारा माणूसही गालावरच्या चट्ट्यासाठी दहा उपाय करतो. या घाईत डागापासून बोटभर अंतरावर डोळा आहे, याचा मात्र विसर पडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातील जिल्ह्यांत हा विसर फार महाग पडलेला आहे. कारण येथे चेहऱ्यावरचा चट्टा पुष्कळदा कुष्ठरोगाचा असे. त्याच्या उपचारांचा इतिहास आज सौंदर्योपचारांच्या काळातही उपयोगी पडणारा आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम थोडी शरीररचना पाहू. चेहऱ्याची त्वचा आणि डोळा आपल्याला वेगळे वाटतात, पण त्यांच्या वाहिन्या व चेता एकमेकांत गुंतलेल्या आहेत. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी चेता गालाच्या त्वचेची संवेदना मेंदूकडे नेते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, संवेदनाही तीच नेते. सातवी चेता चेहऱ्याचे स्नायू हलवते. तिची पापणी मिटवणारी शाखा गालाच्या हाडावरून त्वचेच्या अगदी जवळून जाते. कपाळ व नाकाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. म्हणून गालावर किंवा कपाळावर जे घडते, ते डोळ्यापर्यंत पोहोचू शकते.

बिब्बा, कडू कवठ आणि आम्ल

या जंगलांत बिब्ब्याची झाडे आहेत. आयुर्वेदात भल्लातक या नावाने तो त्वचारोगांवरील औषधांत गणला जातो. बिब्ब्याच्या टरफलातील काळपट तेल त्वचेवर फोड आणते. त्याचा डाग सहजी निघत नाही, म्हणून परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्बा वापरत. असे तेल चेहऱ्यावर लावले, किंवा तेलाचा हात डोळ्याला लागला, तर पापण्या सुजून डोळे बंद होतात. शरीरातील सर्वांत पातळ त्वचा पापणीची असते. त्यामुळे तळहाताला न जाणवणारे तेल पापणीला भाजते.

कुष्ठरोगाचे जिवाणू नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली दाखवून दिले. औषध मात्र नव्हते. जगभर भर होता तो चौलमुग्रा जातीच्या तेलांवर. पश्चिम घाटातील कडू कवठाचे तेल त्यांपैकीच एक. ते पोटात घेतले की मळमळ होई, म्हणून पुढे ते टोचून देऊ लागले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अर्नेस्ट मूर यांच्या काळात या तेलाच्या जोडीला चट्ट्यांवर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा लेपही वापरात होता. हे आम्ल त्वचेतील प्रथिने गोठवते. त्वचा पांढरी पडते, मग तिची साल निघते आणि खालून नवी त्वचा येते. चट्टा फिका दिसू लागे, परंतु चेतांमधील जिवाणू जागच्या जागी राहत.

याच संस्थेत बाबा आमटे यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. वरोऱ्यात त्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. चांदा जिल्हा एकच होता, त्याचे विभाजन 1982 मध्ये झाले.

रोग बरा झाला, डोळा गेला

सल्फोन औषधांचा गुण 1940 च्या दशकात अमेरिकेतील कारव्हिल येथे दिसून आला आणि डॅप्सोनच्या गोळ्या भारतातही मिळू लागल्या. आता जिवाणू मरू लागले. तरीही काही रुग्ण आंधळे होत राहिले. याचे कारण जिवाणूपेक्षा शरीराच्या प्रतिक्रियेत होते. गालावरचा चट्टा एकाएकी लाल होतो, सुजतो. त्याखालून जाणारी सातव्या चेतेची शाखाही सुजते आणि पापणी पूर्ण मिटेनाशी होते. पाचवी चेता बधिर झाली असेल तर डोळ्यात गेलेले कुसळही जाणवत नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि पारपटल अश्रूंनी ओले ठेवतो. ते थांबले की पारपटल कोरडे पडते, त्यावर जखम होते, दुखत नाही म्हणून ती कळत नाही, आणि शेवटी तेथे पांढरे फूल पडते.

वेल्लोरला 1946 साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड आणि त्यांच्या पत्नी, नेत्रतज्ज्ञ मार्गारेट ब्रँड, यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. चावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कानशिलावरील स्नायूची एक पट्टी पापण्यांपर्यंत आणायची, म्हणजे दात आवळले की डोळा मिटतो, अशी शस्त्रक्रिया त्या काळी रूढ झाली. अर्थात रुग्णाला आठवणीने दात आवळावे लागत. गळालेल्या भुवयांच्या जागी डोक्याची केसाळ त्वचाही बसवली जाई. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात बसलेली नाके पुन्हा उभी केली. ही शस्त्रक्रिया हौसेची नव्हती. हात बरा झालेल्या माणसालाही भुवया नसल्या तर काम मिळत नसे, म्हणून तिची गरज होती.

पुढे 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. त्यातील क्लोफाझिमीनने त्वचा तांबूस-काळी होते. चेहरा काळवंडला म्हणून औषध सोडणारे रुग्ण सर्वत्र आढळले. औषध संपले की रंग हळूहळू पूर्ववत होतो. पापणीचा लुळेपणा मात्र सहा महिन्यांच्या आत ओळखून प्रेडनिसोलोन दिले तरच बहुधा सुधारतो. 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. पण या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण अजून सापडतात.

तेच आम्ल, नवी खोली

कलकत्त्यात चट्ट्यांवर लावले जाणारे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लच आज सुरकुत्या व डाग घालवण्यासाठी चेहऱ्याची साल काढताना वापरतात. यातला धोका चटकन लक्षात येत नाही. झोंबल्यामुळे डोळ्यांतून पाणी येते, ते गालावरील आम्लापर्यंत ओघळते, आणि दिव्यातील वातीत तेल चढावे तसे आम्ल त्या ओलाव्यातून डोळ्यात चढते. म्हणून जाणकार डॉक्टर रुग्णाचे डोके उंच ठेवतात, अश्रू लगेच टिपतात आणि डोळा धुण्याचे पाणी हाताशी ठेवतात. लेसरची अडचण वेगळी. डोळ्याचे भिंग त्याचा किरण दृष्टिपटलावर एका बिंदूत एकवटते. त्यामुळे त्या लेसरच्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो, आणि पापणीजवळ काम असेल तर पापणीच्या आत धातूची ढाल बसवावी लागते. भुवयांच्या मधोमध टोचलेले भराव-द्रव्य रक्तवाहिनीत शिरले, तर ते उलट्या दिशेने दृष्टिपटलाच्या रोहिणीपर्यंत जाऊन दृष्टी घालवू शकते. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने फासलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमाने काचबिंदू होऊ शकतो. असे मलम कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर लावले तर लाली दबते आणि निदान लांबते.

शाळेत काय करता येईल? मुलांच्या गालावरचे बहुतेक फिके डाग कुष्ठरोगाचे नसतात, हे आधी सांगावे, म्हणजे कोणाला चिडवले जाणार नाही. पण डाग टिकून राहिला, लाल होऊन सुजला, किंवा कुटुंबात कोणाला हा रोग झालेला असेल, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे औषध मोफत मिळते. चेहऱ्यावर चेतांचे जाळे दाट असल्याने तेथील डाग बधिर नसला तरी निश्चिंत राहू नये. झोपेत मिटतो तसा हलकेच डोळा मिटायला सांगावे. पापण्यांमध्ये फट राहून पांढरा भाग दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. या तपासणीला कोणतेही उपकरण लागत नाही. जीवशास्त्राच्या तासाला मुलांनी जोडीने एकमेकांच्या पापण्यांची उघडझाप मिनिटभर मोजली, तर धडाही होईल आणि तपासणीही.