मडक्याचं भोक

परवा भाचीच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब झाले. तिनं कपाटातून जलसंजीवनीची पुडी काढली, पाण्यात कालवली आणि चमच्या-चमच्यानं पाजायला बसली. घरात कुणी हरकत घेतली नाही. मला मात्र १९५९ साल आठवलं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा दहा महिन्यांचा होता. जुलाब लागले तशी वडीलधाऱ्यांनी आईला बजावलं, पाणी देऊ नकोस, आणखी वाढतील. आईनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

बी.ए. होऊन १९७६ मध्ये मी जामखेड तालुक्यातल्या एका शाळेत लागले. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याला तिथं येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. रजनीकांत आपल्याच जिल्ह्यातले, राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव (हे मी मुद्दाम सांगतेय!). दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात आले. १९७१ मध्ये त्यांच्या कामाच्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव ठेवून पाहिल्या. शहरातल्या मुली खेड्यात राहीनात, आणि गावच्या बायका त्यांचं ऐकेनात. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकून परत जायच्या. बाळंतपण, चिकाचं दूध, लस, जुलाब, सगळं.

आमच्या गावची आरोग्यसेविका अंगठा उठवायची. एकदा शाळेशेजारच्या घरात आजारी लेकराला पाणी तोडलं होतं. मीही तिथं उभी होते, गप्प. ती आली आणि सासूला म्हणाली, "मडक्याला भोक पडलंय म्हनून पानी वतायचं बंद केलं, तर मडकं भरंल का?" मीठ-साखरेचं पाणी केलं, चव घेतली. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये, हे तिचं माप. पोर वाचलं. मी पदवीधर बाई, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

१९७६ पर्यंत १७६ चा आकडा ५२ वर आला होता. यात दुष्काळात केलेलं पिण्याच्या पाण्याचं आणि मुलांच्या आहाराचं कामही आलं, सगळं श्रेय एकट्या मीठ-साखरेचं नव्हे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी हीच वाट थेट नवजात बाळाच्या पाळण्यापर्यंत नेली. गावच्या बाईला न्यूमोनिया ओळखायला, बाळाला ऊब द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २००५ पासूनच्या 'आशा' ताई याच घराण्यातल्या. तरीही २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची ४९ लाख मुलं गेली, त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या महिन्यातच.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आई त्याआधीच गेली होती. सुट्टीत घरी गेल्यावर मी तिला जामखेडच्या पुष्कळ गोष्टी सांगायचे. मडक्याची तेवढी कधी सांगितली नाही.