बोलपट कोणी निवडायचा?

नवऱ्याच्या शेजारी बसून प्रेमकथेचा बोलपट पाहणे ही आज अगदी साधी गोष्ट झाली आहे. नव्या सुना शनिवारी संध्याकाळी तयार होतात, सासूला सांगतात आणि जोडीने बाहेर पडतात. कोणता बोलपट पाहायचा, यावरून दोघांत थोडी कुरबुर होते, तीही गोड असते. परंतु भगिनींनो, या साध्या गोष्टीलाही एक इतिहास आहे. आपल्या जिल्ह्यात परंड्याचा किल्ला आहे, नळदुर्गचा किल्ला आहे, त्यांचा इतिहास मुलांच्या पुस्तकात मिळतो. बायकांनी बोलपट कसा पाहिला, कोणाच्या परवानगीने पाहिला आणि कोणाच्या निवडीने पाहिला, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीपण जे वाचले, ऐकले आणि पाहिले, ते मंडळाच्या या स्मरणिकेत क्रमाने मांडते.

आपल्याकडील पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’. दादासाहेब फाळके यांनी तो काढला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात तो लोकांना दाखवला. त्या चित्रपटात तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या एका पुरुषालाच लुगडे नेसवून राणी करावे लागले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागे होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने गहाण ठेवू दिले, रात्री जागून फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम केले आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ज्या धंद्याने पुढे इतक्या प्रेमकथा रंगवल्या, त्याची सुरुवात एका नवराबायकोच्या अशा कष्टातून झाली, हे आपण ध्यानात ठेवावे. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या. पुढे 1931 साली ‘आलम आरा’ने हिंदी पडदा बोलू लागला आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यात दुर्गाबाई खोटे यांनी राणी तारामती उभी केली. एकोणीस वर्षांत तारामतीचे काम पुरुषाकडून बाईकडे आले.

हे सर्व मुंबई-पुणे-कोल्हापूरकडे चालले होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू आणि शाळेतही उर्दूचेच वजन. मराठी बोलपट पाहायचा तर संस्थानची हद्द ओलांडून सोलापूर गाठावे लागे. बार्शी लाईटची छोटी रेल्वे येडशीवरून लातूरला जाई, पण आपले शहर तिच्या वाटेवर नव्हते. गाडी-बैलाचा नाहीतर मोटारीचा प्रवास करून बायकांना सोलापूरला कोण नेणार? नेले तर देवदर्शन, लग्नाचा बस्ता किंवा दवाखाना, असे काहीतरी कारण लागे.

बोलपटालाही असेच एक कारण लागे आणि ते कारण होते देव. 1936 साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो काढला होता आणि विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला. तुकोबांच्या नावावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनीही सुनांना परवानगी दिली. आत जाऊन सुनांनी काय पाहिले? अभंग ऐकले, हे खरेच. पण रिकाम्या डब्यांकडे पाहून नवऱ्याला बोलणारी आणि तरीही त्याच्यासाठी जीव तुटणारी तुकोबांची बायकोही त्यांनी पाहिली. गौरी या नटीने ते काम फार सुरेख केले आहे. मला तर वाटते, आपल्या बायकांनी पडद्यावर पाहिलेली संसारातल्या प्रेमाची पहिली गोष्ट तीच असावी.

पुढच्याच वर्षी, 1937 साली, व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ आला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून तो काढलेला होता. मामा एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. ती मुलगी रडत बसत नाही, ‘हे लग्न मला मान्य नाही’ असे घरात राहून सांगते. शांता आपटे यांनी ती नीरा केली आणि केशवराव दाते यांनी म्हातारा. प्रेमाच्या बोलपटांचा इतिहास सांगताना मी ‘कुंकू’ मुद्दाम आधी घेते. ज्या बाईला ‘नको’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला काय अर्थ? नकाराची गोष्ट आधी आली, मग होकाराची आली, हे बरेच झाले.

17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. त्याच 1960 सालच्या ऑगस्टमध्ये ‘मुगल-ए-आझम’ आला. शाहजादा आणि दासी यांची ती प्रेमकथा भारतभर गाजली. मराठीत त्याआधीच 1952 साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ येऊन गेला होता. मुलीच्या हातासाठी एका तरुणाला लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट घातली जाते, अशी त्यातली मौज. प्रेम म्हटले की रडणे आणि मरणे, अशी समजूत असलेल्यांना या बोलपटाने हसायला लावले.

खेड्यापाड्यांत बोलपट आला तो तंबूतून. यात्रा भरली की फिरता सिनेमा यायचा. दिवसा गाडीवर भोंगा लावून गावोगाव पुकारा व्हायचा, रात्री तंबूत मातीवर बसायचे. मधे दोरी, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिला सिनेमा असाच येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत पाहिला. त्या सांगतात, “आमी दोगं एकाच शिनिमाला गेलाव, पण बसलाव दोन तोंडाला. हे तिकडं, मी हिकडं.” सिनेमा कोणता, ते तंबूवाला ठरवी. जायचे की नाही, ते मामंजी ठरवीत. सासूबाईंच्या वाट्याला फक्त पाहणे आले. पण परतताना अंधारात बैलगाडीत मामंजींनी विचारले, “तुला कोण आवडलं?” लग्नाला वर्ष झाले होते आणि नवऱ्याने तोवर त्यांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता. सिनेमाचे नाव त्यांना आज आठवत नाही, तो प्रश्न मात्र आठवतो.

पुढे 1971 साली दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आणि 1972 साली शांतारामांचा ‘पिंजरा’ आला. ‘पिंजरा’त गावाला नीतीचे धडे देणारे गुरुजी तमाशातल्या नर्तकीच्या पायी स्वतःला गमावून बसतात. पुरुषांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. पण पुष्कळ घरांतून बायकांना तमाशाच्या बोलपटाला नेणे कमीपणाचे मानीत. 1975 साली ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा त्याच घरांतून बायका झुंडीने गेल्या, पडद्यापुढे चपला काढल्या आणि फुले वाहिली. ‘संत तुकाराम’नंतर चाळीस वर्षे होत आली, तरी देवाचे कारण अजून लागतच होते.

नंतर दूरदर्शन आले, व्हिडिओ आला आणि बोलपट घरात शिरला. बायकांची सोय झाली, कारण भाकरी थापता थापता सिनेमा दिसू लागला. परंतु जोडीचा मात्र त्यात तोटा झाला. सासरे, दीर, शेजारची पोरे, सगळे एकाच खोलीत. पडद्यावर नायकाने नायिकेचा हात धरला की सून पाणी आणायला उठायची! थिएटरात निदान अंधार तरी असतो. 1991 साली ‘माहेरची साडी’ आला आणि बायकांनी थिएटरे भरून टाकली. तो प्रेमाचा बोलपट नव्हे, सासुरवाशिणीच्या हालांचा होता. 1995 साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला. त्यातला नायक मुलीला पळवून नेत नाही, बापाचे मन वळवून घेतो. म्हणूनच तो वडीलधाऱ्यांनाही चालला.

माझे लग्न 1998 सालचे. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ‘कुछ कुछ होता है’ लागला होता. आम्ही एस.टी.ने सोलापूरला गेलो. ‘आम्ही’ म्हणजे आमच्या घरचे, मी, दोन नणंदा आणि धाकटे दीर. बोलपट निवडला नणंदांनी, तिकिटे काढली दिरांनी. मी या टोकाला, हे त्या टोकाला. सासूबाईंच्या वेळची दोरी गेली होती, पण तिच्या जागी तीन माणसे होती. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. नणंदांचा हट्ट नसता तर मला घराबाहेर कोण सोडणार होते!

माझ्या निवडीने आम्ही दोघांनीच पाहिलेला पहिला बोलपट म्हणजे ‘सैराट’. तो 29 एप्रिल 2016 रोजी आला. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातले. आपल्या परंडा तालुक्याला लागून तो तालुका आहे. त्यामुळे बोलपटातली विहीर, ऊस, बोली, सगळे आपल्या घरचे वाटत होते. पाटलाची आर्ची आणि खालच्या मानलेल्या जातीचा परश्या. पूर्वार्धात सगळे थिएटर नाचत होते. उत्तरार्धात ती दोघे हैदराबादला पळून जातात, खोलीत राहतात, कष्ट करतात, भांडतात, पुन्हा जवळ येतात, त्यांना मूल होते. आणि शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे येऊन दोघांचा जीव घेतात. पडद्यावर आवाज बंद होतो, फक्त ते लहान मूल चालत असते. आमच्या भोवती मघाशी शिट्ट्या मारणारी पोरे होती, ती मुकाट्याने बाहेर पडली.

घरी येताना हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्या पोरीनं असं काही केलं तर?” आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. मी म्हणाले, “अहो, पोरीनं काय केलं हे मागून. आपण काय करू, ते आधी सांगा.” त्या रात्री त्यांनी उत्तर दिले नाही. पुढे दोन-तीन वर्षे अधूनमधून हा विषय निघत राहिला, कधी शांतपणे, कधी आवाज चढवून. मागच्या वर्षी मुलीला स्थळ सांगून आले, तेव्हा पाहुण्यांसमोर हे स्वतःच म्हणाले, “आधी दोघांना बोलू द्या. तिच्या मनाला आलं तर पुढचं बघू.” पुढे काय ठरले ते आमच्या घरातले आहे. पण देवाचा किंवा नुसता हसण्याचा बोलपट निवडला असता, तर हे बोलणे आमच्या घरात इतक्या लवकर निघाले नसते, असे मला वाटते.

त्यानंतरची एक गंमत सांगते. 2023 साली ‘बाईपण भारी देवा’ आला आणि ठिकठिकाणच्या महिला मंडळांनी, भिशीच्या गटांनी आपापसात ठरवून थिएटरे भरली. बायका नऊवारी नेसून, नथ घालून जात होत्या. कोणता बोलपट, हे त्यांनीच ठरवले आणि नवरे घरी विचारत होते, “कसा होता गं?” 1913 पासून धरले तर या प्रश्नाला बाजू बदलायला एकशे दहा वर्षे लागली.

आता जोडीने जाणाऱ्या लेकी-सुनांसाठी दोन शब्द. एकदा त्याच्या आवडीचा आणि एकदा तिच्या आवडीचा, असा नेम ठेवावा. ज्याची निवड असेल त्याला दुसऱ्याने मधेच नावे ठेवू नयेत. मुले बरोबर असतील तर प्रमाणपत्र पाहावे. ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ फक्त मोठ्यांसाठी, आणि 2024 पासून ‘यूए’मध्ये सात, तेरा व सोळा वर्षे अशा पायऱ्या केल्या आहेत. लग्न अजून व्हायचे असेल तर ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) पाहावा. दोन अनोळखी माणसे दिवसभर नुसती बोलतात आणि एकमेकांना ओळखतात. लग्नाला वर्षे झाली असतील तर ‘वेड’ (2022) पाहावा. जुन्या प्रेमाच्या दुःखात बुडालेल्या नवऱ्याला शेजारी बसलेली बायको उशिरा दिसते, अशी ती गोष्ट आहे. तो दिग्दर्शित करणारे रितेश देशमुख लातूरचे आणि लातूर 1982 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा तो आपल्या घरचाच मानायला हरकत नाही! आणि ‘कुंकू’ मात्र एकदा जोडीने जरूर पाहावा. तो झाल्यावर चहा ठेवून एकमेकांना विचारावे, “तुला कोण बरोबर वाटलं?”

मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना करून लेखणी खाली ठेवते. या वर्धापनवर्षात एका रविवारी सभागृहात पडदा लावून जोडप्यांसाठी एक बोलपट दाखवावा. नावे चिठ्ठ्यांवर भगिनींनी लिहावीत, चिठ्ठी सर्वात थोरल्या सभासद भगिनीने उचलावी. आणि खुर्च्या दोन-दोनच्या जोडीने मांडाव्यात, मधे दोरी नको.