आधी शाळा, मग पार्ले
आजोबा पार्ल्यात राहायला आले तेव्हा पार्ले मुंबईत नव्हतं. ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढलेला मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. भातखाचरं, माड, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरं, आणि त्यांत नव्याने येऊन पडलेली आमच्यासारखी फोर्टातल्या कचेऱ्यांवर पोट असलेली मंडळी. रात्री कोल्हे ओरडायचे, हे आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना सांगितलेलं आहे.

आजीचं खरं दुखणं मात्र कोल्ह्यांचं नव्हतं, पोरांच्या शिक्षणाचं होतं. वरच्या इयत्तांसाठी मुलांना गाडीने मुंबईकडे पाठवायचं, आणि गाड्या वाफेच्या. विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली १९२८ साली. त्याआधी शेजारचा मुलगा शाळेतून परतला की त्याची आई पदराच्या टोकाने त्याच्या डोळ्यातला कोळशाचा कण काढत बसायची. दिवेलागणीला तो घरी, जेवून झोप, पहाटे पुन्हा फलाटावर. ‘पोर शिकतंय की प्रवास करतंय?’ असं आजी विचारायची.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात वारले. त्यांच्या अंत्यसंस्काराला चौपाटीवर लोटलेल्या त्या भर पावसातल्या गर्दीत आजोबा होते. आणि पुरतं वर्षही उलटलं नव्हतं तोच, जून १९२१ मध्ये, पार्लेकरांनी आपली शाळा सुरू केली : पार्ले टिळक विद्यालय.

या नावापाशी मला दर वेळी थांबावंसं वाटतं. आज ते नाव आपण पाटीवर नुसतं वाचून पुढे जातो. त्या वेळी राज्य इंग्रजांचं होतं आणि टिळक हे त्या सरकारच्या दप्तरी राजद्रोहाखाली दोनदा, १८९७ आणि १९०८ साली, शिक्षा झालेले गृहस्थ होते. आजोबा सरकारी नोकर. साहेबासमोर मान खाली घालून दिवसभर खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी त्या नावाच्या शाळेसाठी खिशातला रुपया काढून द्यायचा, याला छाती लागते. आजोबांना धीट म्हणून कुणी ओळखत नसे. पण या एका बाबतीत ते आजीलाही विचारायला थांबले नाहीत, असं तीच कौतुकाने सांगायची. शाळेला ते नाव शोभतही होतं. १८८० साली पुण्यात चिपळूणकर-आगरकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभं करणारे टिळक स्वतःच आधी मास्तर होते. सरकारच्या तोंडाकडे न बघता आपल्या मुलांची शाळा आपण काढायची, ही वाट त्या पिढीने पाडलेली होती.

शाळा झाली आणि मुलं गावात राहिली. याचा अर्थ काकांकडून कळला. शाळा चालत जायच्या अंतरावर आल्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळाली. तालीम, वाचनालय, नाटकाच्या तालमी, व्याख्यानं यांना पोरं मिळाली. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ निघाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला छावणी पडली, जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला तिथे होते. काका तेव्हा लहान. शाळा सुटली की छावणीच्या कडेला उभं राहून सत्याग्रहींना बघायचं, हा त्यांचा उद्योग. शाळेत त्यांच्या मागे-पुढेच पु. ल. देशपांडे शिकत होते. पार्ल्यात तेव्हा सगळेच सगळ्यांना ओळखत, म्हणून काका त्यांच्याविषयी शेवटपर्यंत एकेरीत बोलायचे.

पार्ले वाढलं म्हणून शाळा निघाली, असं नवीन लोक धरून चालतात. साल बघा. पार्ले मुंबई महापालिकेत आलं १९५० मध्ये, पार्ले कॉलेज निघालं १९५९ मध्ये. शाळा सगळ्यांच्या आधीची. नळ, रस्ते, दिवाबत्ती यांची रडगाणी चालू असताना या माणसांनी वर्ग बांधले, आणि त्या वर्गांभोवती गाव जमलं.

शंभर वर्षं भरली जून २०२१ मध्ये. करोनामुळे वर्ग बंद होते, मुलं घरच्या पडद्यांवर शिकत होती. शतक साजरं करायला अंगण भरता आलं नाही याची मला आजही चुटपुट आहे. त्याहून मोठी चिंता शाळेच्या मराठी माध्यमाची. जुन्या इमारती पाडून टोलेजंग टॉवर उठतात, मराठी कुटुंबं वसई-बदलापूरकडे सरकतात, आणि त्यांची मुलं पुन्हा गाडीने लांब जाऊ लागली आहेत.