हरभऱ्याचे पोषणमूल्य : वाण आणि हवामान

कंपू या वस्तीसह ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पुरणाला लागतो तो देशी हरभरा. त्याचे टरफल जाड, म्हणून अख्ख्या दाण्यात तंतू काबुलीपेक्षा जास्त. डाळ केली की त्यांतले बरेचसे टरफलाबरोबर जातात. येथील राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाने (स्थापना २००८) ‘राजविजय’ वाण दिले आहेत. प्रथिने साधारण २० टक्के, पण वाण व जमिनीनुसार कमीजास्त. दाणे भरताना उन्हाचा चटका बसला, की स्टार्च कमी साठतो, दाणा बारीक राहतो. प्रथिनांची टक्केवारी मात्र कधीकधी वाढलेली दिसते. त्या आकड्यावर भाळू नये; एकरी प्रथिने घटलेलीच असतात. जमिनीत जस्त कमी, तर दाण्यातही कमी. उरलेले जस्त व लोह फायटिक आम्ल अडवून धरते; मोड आणल्यावर ही खनिजे काहीशी मोकळी होतात.