रुग्णालयाचा कचरा आणि मयेची विहीर

जुने गोवे हे एके काळी पूर्वेकडील वैभवशाली नगर म्हणून ओळखले जाई. परंतु साथींनी त्याला पोखरले. 1759 मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीस आले आणि 1843 मध्ये राजधानीचा मानही रीतसर पणजीकडे गेला. या अवनतीची जी कारणे इतिहासकार सांगतात, त्यांत सच्छिद्र जमिनीतून विहिरींत झिरपलेली घाण हे एक होय.

गोव्याच्या भूमीचा हा स्वभाव आजही तोच आहे. डिचोली तालुक्यातील मये गावाचे तळे, तेथील कुळागरे आणि घरोघरच्या विहिरी यांना पाणी मिळते ते जांभ्या दगडातून पाझरणाऱ्या पावसाचे. जी भूमी पाणी देते, तीच पुरलेली घाणही पोहोचविते. म्हणून अशा गावी रुग्णालयाच्या कचऱ्याचा प्रश्न हा विहिरीचाच प्रश्न ठरतो.

पूर्वी काचेची पिचकारी उकळून पुन्हा वापरीत आणि मळलेल्या पट्ट्या जाळून टाकीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या वस्तू आल्या. रुग्णाला त्या हितकारक ठरल्या, पण कचरा वाढला आणि त्याचे रूपही पालटले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या रुग्णालयांना या बाबतीत आदेश दिले, आणि 1998 मध्ये देशभरासाठी नियम झाले. पाच लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत आणि खेड्यांत त्या नियमांनी खोल खड्ड्याची मुभा ठेविली. दोन मीटर खड्डा खणावा, तो कचऱ्याने अर्धा भरावा, वर चुना टाकावा आणि मातीने बुजवावा. जवळ उथळ विहीर नसावी, जमीन पाणी न मुरणारी असावी, अशाही अटी होत्या. उपाय स्वस्त खरा; परंतु जांभ्याच्या प्रदेशात नेमकी हीच शेवटची अट पाळणे कठीण.

2016 च्या नियमांनी ही मुभा आकुंचित केली. 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी वा खड्डा करू नये, असे ठरले. गोव्यात कुंडई येथे असे केंद्र उभे राहिले आहे. मये त्याच्या टापूत सहज येते. पेडणे आणि डिचोलीतील लहान आरोग्य केंद्रांना स्वतंत्र भट्टीचा खर्च कधीच परवडला नसता. सामायिक व्यवस्थेत तो सर्वांत वाटला जातो.

तथापि खरी काटकसर केंद्रात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील सुमारे 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. धोका उरलेल्या 15 टक्क्यांत आहे. दोन्ही एकत्र केले, की सारेच धोक्याचे होते आणि खर्चही तितका वाढतो. म्हणूनच पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग नेमून दिले आहेत. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच जाव्या लागतात.

ही शिस्त मोडली, तर काय होते, ते 2009 मध्ये गुजरातेतील मोडासा येथे दिसले. वापरलेल्या सुया पुन्हा वापरात आल्याने काविळीची साथ पसरली आणि अनेक जण दगावले.

राजधानी हलविता आली; गावाची विहीर हलविता येत नाही. ती राखण्याचे काम वापरलेली सुई योग्य डब्यात टाकणाऱ्या परिचारिकेच्या हातून सुरू होते. तो डबा उचलणाऱ्या सफाई कामगाराचा जीवही त्याच हातावर विसंबून असतो.